आईपुढे न वाकलेली मान

लियुत्वान, २६ मार्च २००९

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. भावोजींचा दमा या थंडीत कसा होता? इथे गहू वीतभर वर आलाय. माझी पाठ अधूनमधून धरते, बाकी ठीक. अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कोणी आजारी नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीतले तान आजोबा गेल्या आठवड्यात वारले. प्रार्थनाघरातली सगळी बाकं त्यांच्या हातची. त्यांची मुलगी पेइरोंग दक्षिणेत कारखान्यात असते. ती ख्रिस्ती नाही. दीड दिवस रेल्वेत उभ्याने आली आणि अंगणातल्या शवपेटीपुढे तीनदा जमिनीला डोकं टेकवायला निघाली. मंडळीचे ज्येष्ठ फांगकाका आडवे आले. मेलेल्या माणसापुढे वाकणं ही मूर्तिपूजा, असं म्हणाले, आणि मला पुढे केलं. प्रचारिका मी, समजावणं माझं काम.

ती हळूच म्हणाली, "काकू, तुमचा देव मला ठाऊक नाही. मला माझे बाबा ठाऊक आहेत. त्यांना नीट निरोप तरी देऊ द्या."

आईबापांचा मान राखा, ही आज्ञा मी दरवर्षी शिकवते. मान कुठे संपतो आणि पूजा कुठे सुरू होते, तेही पाठ आहे. पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघून त्यातली एकही ओळ आठवेना. मी तिच्या शेजारी गुडघे टेकले.

या रविवारचा उपदेश माझ्याऐवजी फांगकाकांनीच केला. मला कोणी बोललं नाही. बायका दारावरून जातात, "बरं आहे ना?" विचारतात, आत येत नाहीत. येणाऱ्यांच्या हिशेबाने केलेल्या शेवया मला एकटीला दोन दिवस पुरतात.

ताई, आता खरं लिहिते. अकरा वर्षांपूर्वी आईच्या शवपेटीपुढे तू माझी बाही ओढलीस. म्हणालीस, "एकदाच वाक गं, आईसाठी." मी ताठ उभी राहिले. विश्वासापायी राहिले, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले, प्रार्थनासभेत साक्षही दिली. पण त्या दिवशी मी देवाला काही विचारलंच नव्हतं. दाराशी फांगकाका आणि मंडळीच्या बायका माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी त्यांना भ्याले. आपल्या गल्लीने मात्र एवढंच पाहिलं की या धर्मात गेलेली पोर आईला परकी होते. तिथून पुन्हा कोणी प्रार्थनेला आलं नाही. त्यांच्यासाठी ते दार मीच लावलं.

छिंगमिंगच्या सणाला तू आईचं थडगं साफ करायला जाशील. मी येऊ का? उदबत्ती माझ्याने लावली जाणार नाही, मेलेल्यांसाठीच्या कागदी नोटाही जाळणार नाही. त्याबाबत माझं मन बदललेलं नाही. गवत उपटीन, माती सारखी करीन आणि डोकं टेकीन.

नको म्हणालीस तर तेही समजेन. पण तसं कळव.

इथे मी मंडळीच्या प्रत्येक पत्राखाली "आपली भगिनी" असं लिहिते. तुला तसं लिहायला हात धजेना, म्हणून नुसतं नाव.

लान्यिंग