इंजिनाची जागा

आबा, तुमची गाडी अखेर घरात आली. वीतभर आहे. खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाची, प्लॅस्टिकची. डब्यातून निघाली तेव्हा तर ती गाडीही नव्हती, शेंगा सोलून टरफलं पडावीत तसा सुट्या भागांचा ढीग होता. पन्नाशीचा संस्कृतचा मास्तर बारामतीच्या फ्लॅटमध्ये चिमट्यात इवलं चाक धरून बसलाय हे पाहून तुम्ही म्हणाला असता, "दुसरा उद्योग न्हाय का काय?" नाही, आबा. सुट्टी लागली आहे.

आपल्या गावात, सणसरमध्ये, तुम्ही लष्करात काय चालवायचात हे कुणालाच धड कळलं नव्हतं. कुणीतरी "टँकवर हायेत" म्हणालं, ते पुढच्या आळीत जाईपर्यंत "टँकरवर हायेत" झालं. "पानी कुठलं भरता?" असं एका पाव्हण्यानं विचारलं, तेव्हा तुम्ही गंभीर तोंडानं "राजस्थानातलं" म्हणाला होतात. घरात मात्र चिडून सांगायचात, की तो रणगाडासुद्धा नव्हे. "रणगाडा लडतो. आमची गाडी मान्सं न्हेती. आन परत आनती." आणि मग जरा निवळून, "टँक हाय म्हना, पर डिझेलचा. गाडीच्या मागल्या दारातच बशिवल्याला." पुढे निवृत्त होऊन तुम्ही भवानीनगरला साखर कारखान्यावर मळीचा टँकर चालवायला लागलात आणि गावाची चूक आपोआप दुरुस्त झाली.

गाडी निवडतानाच माझी फजिती झाली. रणगाडे हवे तितके मिळतात, माणसं नेणारी गाडी शोधावी लागते. दोन सापडल्या. एक नवी, बाहेरून इतकी रेखीव की बोल्टचं डोकंन् डोकं मोजून घ्यावं, पण आत पोकळ. दुसरी जुन्या साच्यातली, कडांना प्लॅस्टिकचे ओघळ, धरायच्या दांड्या खऱ्या मापानं पाहिल्या तर मांडीएवढ्या जाड, पण आत सगळं होतं: बाकं, चालकाची सीट, इंजिन. जाणकार म्हणाले, पहिली घ्या, आतलं कोण बघतं? मी दुसरी घेतली. मला आतलंच बघायचं होतं. मग दांड्या कापून तिथं तांब्याची तार बसवायची म्हणून मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो. "सर, मोटार किती एचपीची?" मी म्हटलं, वीतभराची. तो म्हणाला, "आन तीबी जाळली तुमी?" तार मात्र त्यानं फुकट दिली. तीच पिळून ओढायचा दोरखंड केला, चाकांवरचे रबरी पट्टे फेकून एकेक कडी जोडलेले घातले, दिवे कोरून पोकळ केले. चांगली जमत होती.

मग इंजिन चिकटवायला घेतलं. ते पुढे बसतं, चालकाच्या उजव्या अंगाला, मधे नुसता पत्रा. तुमची सीट डावीकडे. डिंक वाळेपर्यंत दोन्ही दाबून धरायची होती, म्हणून बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो, आणि आपलं स्वयंपाकघर आठवलं.

तुम्हाला मांडी घालून जेवता येत नसे, गुडघे गेलेले. चुलीसमोर बुटकं बाकडं होतं, त्यावर आपण दोघं. मला कायम तुमच्या उजव्या हाताला बसवायचात. मी बोलायचो फार, आणि हातवारे त्याहून फार. अजूनही करतो, वर्गातली पोरं नकला करतात. कॉलेजात असताना एकदा भाकरी मोडता मोडता तुम्हाला व्याकरण शिकवायला निघालो. तुमच्या मूळच्या रशियन गाडीचं देशी नाव सरथ. मी म्हटलं, "आबा, रथेन सह वर्तते इति सरथः. सहबहुव्रीही. म्हणजे रथ नव्हे, रथासहित असलेला कुणीतरी. नाव ठेवणारा नापास!" तुम्ही मान डोलावलीत आणि आईला म्हणालात, "कालवन वाढ." मला वाटलं, या माणसाला माझ्या विद्येचं काडीचं कौतुक नाही. बोलणं मी थांबवलं नाही, माझ्याच्यानं ते झालंही नसतं. पण त्या दिवसापासून तुमच्या उत्तराची वाट बघणं सोडलं.

रविवारी गाडी पिशवीत घालून सणसरला आईकडे गेलो. तिनं ती तळहातावर घेतली. "एवढीशी? हिच्यात मानूस बसतो?" मी चालकाच्या उजव्या कानाशी येणारं इंजिन दाखवलं आणि विचारलं, आबांचा उजवा कान गेला होता का?

"व्हय की. लष्करातनं आले तवाच गेल्याला. मी न्हाय का डावीकडनं हाक मारायची?"

"मग मला उजवीकडं का बसवायचे? आणि मला कुणी सांगितलं का नाही?"

"त्येच म्हनायचे, त्याला सांगू नगंस, न्हायतर उठंल तितनं." आई गाडीवरून बोट फिरवत होती. "उजवीकडं मोकळं आसलं की त्यांना घास जायचा न्हाय. इंजान बंद पडल्यागत वाटतंय म्हनायचे. तू बडबडाया लागलास की बरं वाटायचं."

"अगं, पण ऐकू येत नव्हतं ना?"

"ऐकू कशाला याया पायजे? बाकडं हालायचं की तुझ्या हातवाऱ्यानं."

म्हणजे आबा, इतकी वर्षं मी संस्कृतातून इंजिनाचं काम केलं. पगार कालवणाचा. यावर तुमच्याशी भांडायला हवं होतं, आणि डावीकडं बसून. तुम्हाला एकदा तरी विचारायला हवं होतं, की ती माणसं परत आणताना गाडीत कोण काय बोलायचं. तुम्ही सांगितलंही असतं. मी विचारायचो ते सगळं त्या कानाला, आणि उत्तर येत नाही म्हणून फुगायचो. आणि नाव ठेवणारा नापास नव्हता. फक्त ते नाव गाडीचं नव्हतं, तुमचं होतं. निवृत्त झालात तरी रथासहितच राहिलात.

इंजिनावरचं झाकण मी चिकटवलेलं नाही. हे पत्र घडी करून मागच्या दारातून आत सरकवून पाहिलं, बसत नाही. आता तुम्ही नाही, दुसरीकडे कुठं टाकणार? खणात ठेवतो.

एक सांगायचं राहिलं. जेवताना गाडी मी टेबलावर डाव्या हाताला ठेवतो, म्हणजे मी तिच्या उजवीकडे येतो. बायको म्हणते, आमटी सांडेल तिच्यावर. काल ती बाजारात गेली होती तेव्हा मी घास हातात धरून थोडं बडबडलो, हातवारे करून. टेबल हलतं का ते बघत होतो. हललं नाही. ग्रॅनाइटचं आहे.