रक्षकाने ढाल खाली ठेवावी

३ जून

तीर्थस्वरूप मामास,
(नाही लिहिलं तर रागावतोस म्हणून) शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि फजिती झाली. आमच्या फाशांच्या खेळातल्या माझ्या रक्षकाला मी नखशिखांत चिलखत चढवलं, दर पाळीला इमानेइतबारे ढाल वर धरली, आणि रविवारच्या लढाईत मला ओरखडासुद्धा आला नाही. येईल कसा? माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलंच नाही! सहाच्या सहा दरोडेखोर मला वळसा घालून थेट आईवर तुटून पडले.

आई आमच्यात वैद्यीण. तेहेतीस वर्षं खऱ्या रुग्णालयात परिचारिका होती, निवृत्त झाल्यावर चार महिने भिंतीकडे बघत बसली, आणि आता दर रविवारी आमच्या टेबलावर फासे फुंकते नि खिदळते. परवा तिच्या वैद्यिणीचे प्राण तेवीसवरून तीनवर आले. आमचा नियम कडक आहे: पात्र मेलं की ही गोष्ट संपेपर्यंत खेळणारा बाहेर. आई म्हणते, मेले तर मेले, घरी बसून कपाट आवरीन. ते आवरणं मी पाहिलंय रे. एकच कपाट, आठवड्यात तीनदा.

शत्रू चालवते ती आमची दातांची डॉक्टर मैत्रीण. तिच्याकडे तक्रार केली, तर म्हणाली की माझे दरोडेखोर दुष्ट आहेत, खुळे नाहीत. जिथे लागतच नाही तिथे कशाला मारतील? पंधरा तारखेला त्यांचा सरदार येतोय. फोनच करणार होते, पण तू म्हणणार, फोनवर आकृती काढता येत नाही.

आशीर्वादाची आणि त्याहून जास्त अकलेची गरज असलेली,
तुझी भाची

७ जून

चि. भाचीस,
अ. उ. आ.

सत्तावीस वर्षं मी दारं बसवतोय. कुणी शिकवलं नाही, पाहून पाहून शिकलो, आणि आजवर माझं एकही दार खाली घासत नाही. तुमचं दोनशे अडतीस पानी नियमपुस्तकही असंच, शब्दकोश मांडीवर घेऊन, पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचलं. तेव्हा माझा सल्ला फसला म्हणण्याआधी खेळाच्या कापडावर आखलेली घरं नीट मोजलीस का, ते बघ. तुझ्या आईलाही लहानपणापासून मोजायचा कंटाळा.

इथवर लिहून जेवायला उठलो. आता पुढचं.

जेवणानंतर कामाच्या बाकावर खडूने घरं आखली. तू म्हणजे चार इंची बिजागरी, ताई म्हणजे एक पितळी स्क्रू, शत्रू म्हणजे सहा खिळे. खिळे मामीला चालवायला दिले. तिने एकही नियम विचारला नाही. बिजागरीला वळसा घातला आणि स्क्रू उचलून पदराला बांधला. म्हणाली, एवढं जड धूड हलवत कोण बसेल? तीन डाव झाले, तिन्ही डावांत ताई गेली. मामी अजून हसते आहे.

मग पान एकशे चौदा पुन्हा वाचलं. माझं चुकलं. (हे वाक्य कापून ठेव, पुन्हा मिळणार नाही.) ढाल वर धरण्यात तुझी पाळी संपते आणि आव्हान द्यायचं राहून जातं. ज्याला आव्हान देशील, त्याने तुला सोडून दुसऱ्या कुणाला मारलं, तर त्याच्या फाशातून दोन वजा आणि वर तुझा एक फटका फुकट. तुला मारलं, तर ताई वाचली. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. पण तुला मारण्यात त्याला थोडी तरी आशा दिसली पाहिजे, म्हणून ढाल खाली ठेव.

दुसरं, मैदानात उभं राहू नये. दारात राहावं. दार तीन घरांचं असेल तर मधल्या घरात. तुझा हात दोन्हीकडे एकेक घर पोचतो, आणि हाताखालून निसटणाऱ्याला फटका बसला की त्याचे पाय तिथेच खिळतात (पान एकशे सोळा). चार घरांचं असेल तर ते दार नव्हे, भगदाड. तिथे थांबू नकोस.

ताईला मागे दोन घरं सोडून ठेव. मला एकच बहीण आहे.

तुझ्या विजयाची वाट बघणारा,
मामा

१६ जून

ती. मामास,
आज मनापासून शि. सा. न. वि. वि.

आई जिवंत! प्राण एकोणीस!

दार तीन घरांचं निघालं. मधल्या घरात उभी राहिले, ढाल खाली टाकली, सरदाराला आव्हान दिलं. डॉक्टरीण दाढ काढू की ठेवू अशा चेहऱ्याने पेन्सिल चावत बसली. मग सरदाराचा बाण सोडला तो आईवरच. दोन वजा झाले आणि एकाने हुकला! माझा फटका मात्र बसला. मग तो चिडून माझ्यावर आला. एकेचाळीसवरून सहा, सहावरून शून्य. मी आडवी; एका पाळीत औषध मिळालं नाही तर मेलेच. टेबलावरच्या सगळ्या मैत्रिणी ओरडल्या, आईला म्हणाल्या पळा. आई पळाली नाही. उलट दोन घरं पुढे आली आणि मला औषध पाजलं. सरदार तिच्याकडे झेपावला तो माझ्या हाताखालूनच, आणि मी जमिनीवरून उठता उठता त्याला हाणला. आईपासून एका घरावर त्याचे पाय खिळले. तिथेच मेला.

आम्ही इतकं किंचाळलो की खालचे लोक विचारायला वर आले, कुणाला लागलं का? आईने त्यांनाही सगळी लढाई पहिल्यापासून सांगितली.

तुझी, अंगभर जखमांनी धन्य झालेली,
भाची

१८ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

पोरीने तिखटमीठ लावून कळवलंच असेल. मी पुढे का गेले, असं सगळ्या विचारतात. अरे, तेहेतीस वर्षं माझ्याकडे माणसं आली ती लागल्यावर. लागण्याआधी मध्ये उभं राहायची संधी मला कधी मिळालीच नाही. ती दोन घरं चालताना छाती अशी धडधडत होती म्हणून सांगू! फार मजा आली.

ही गोष्ट संपली. नव्या गोष्टीत पोरगी वैद्यीण होणार, रक्षक मी. डॉक्टरीण आत्ताच धास्तावली आहे.

हे पत्र पोस्टातल्या बाकावर बसून लिहितेय. तिकिटांच्या रांगेत होते, तर एक धिप्पाड गृहस्थ सगळ्यांना वळसा घालून पुढे घुसायला निघाले. मी मधे उभी राहिले आणि त्यांना आव्हान दिलं. तोंडी. गृहस्थ जागच्या जागी थांबले. तिकीट घेतलं, बसले, एवढं लिहून झालं, तरी ते हललेले नाहीत. आता त्यांचं पुढे काय करायचं असतं? पान क्रमांकासह लवकर कळव.

लोभ आहेच, तो असाच पुढच्या घरात सरकू दे.

तुझी,
ताई