हिरवी सगळ्यात लांब

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय फ्यूजबाबा,

नमस्कार. अक्षरावरून ओळखलंच असशील. शाळेत तू माझ्या अक्षराला मुंग्यांची वरात म्हणायचास. मुंग्या आता म्हाताऱ्या झाल्यात, रांग सोडून चालतात. तुझी तब्येत बरी असावी. पत्ता मी पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळण्याच्या दुकानातून मिळवला. तिथला माणूस म्हणाला, "बाबा कामावर येत नाहीत आता, पण हात अजून थरथरत नाही त्यांचा." ऐकून बरं वाटलं.

माझं ठीक चाललंय. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं मी टाळतोय. छापखाना केव्हाच बंद पडला, तरी वर्तमानपत्र वाचताना हातात पेन्सिल असते. चुका शोधत जन्म गेला, ती खोड सुटत नाही.

संध्याकाळी खिडकीत बसलो की शाळेतल्या कविता आठवतात. आपले कवितेचे सर आठवतात का? डोळे मिटून टेबलावर बोटांनी ताल धरायचे आणि म्हणायचे, "अक्षर न् अक्षर सुटं ऐकू आलं पाहिजे रे." माझ्या कविता पाठ, तुझ्या वायरी. मला प्लगची पिन जोडायला शिकवलंस तेव्हा मी तुझा धडा कवितेच्या चालीवर बसवला होता: लाल, काळी, हिरवी, हिरवी सगळ्यात लांब. वायर ओढली गेली तर बाकीच्या दोन आधी तुटू देत, जमिनीकडे जाणारी हिरवी शेवटपर्यंत टिकली पाहिजे, असं तू सांगायचास. ती चाल अजून माझ्या तोंडात बसलेली आहे.

आता कामाचं. माझ्या लेकीची मुलगी गिटार वाजवते आणि गाते. तू तिला पाहिलेलं नाहीस. तिला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाय. माझ्या कपाटात तिला धाकट्या भावाचा फोटो सापडला, तो मलईच्या रंगाच्या मशीनला टेकून उभा आहे तो. म्हणते, मला अस्साच हवा. मी सांगितलं, ते मशीन पलंगाखाली आहे पण मेलेलं आहे. तर म्हणाली, कंपन्या जुन्या नमुन्याबरहुकूम नवे काढतात हल्ली. म्हणजे आमच्या भाषेत पुनर्मुद्रण. तिला आवाज अगदी स्वच्छ हवाय, खरखर नको, घोगरेपणा नको. दुकानात दोन आहेत, एक लहान, एक मोठा. मला त्यातलं काही कळत नाही, आणि ज्याला कळतं असा माझ्या ओळखीचा एकच माणूस आहे.

एक्केचाळीस वर्षं आपण बोललो नाही. माझा भाऊ त्या सभागृहाच्या रंगमंचावर गिटार हातात असताना विजेच्या धक्क्याने गेला. तिथला वायरमन तू. ठपका तुझ्या अर्थिंगवर आला आणि तुझा परवाना गेला. हे तुला कळवायची गरज नाही. पण एकदा लिहून टाकलं की पुढे सारखं ठेचकाळायला होत नाही. चौकशीत मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, त्याबद्दल आज लिहीत नाही. लिहिणार नाही असंही म्हणत नाही.

लहान घेऊ की मोठा, एवढं कळव.

तुझा बाकावरचा


ता. १९ फेब्रुवारी

प्रिय फ्यूजबाबा,

तुझं कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली सही नाही, मधे दोन वाक्यं: "वाटेल तो घे. हिरवी बघून घे." दिवसभर ते कार्ड मी वाचायच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवलं, आणि दिवसभरात पुस्तकाचं एक पान पुढे सरकलं नाही. तू हे वायरमनच्या सवयीने लिहिलंस की आणखी काही मनात ठेवून, हे मला ठरवता येईना.

काल दुकानात गेलो. अरुंद जिना, वर लांबट खोली, भिंतीला ओळीने गिटारी टांगलेल्या. दुकानदार जाड भिंगांचा, एकेकाळी स्वतः वाजवणारा. त्याने आधी लहान मशीन लावलं. नातीने हळू वाजवलं तेव्हा आवाज गोड होता, जेवण झाल्यावर कोणी गुणगुणावं तसा. तिने बटण पुढे नेलं आणि त्याचा घसा बसला.

"आजोबा, स्वच्छ आवाज पाहिजे तर ताकद जास्त घ्या," दुकानदार म्हणाला. "लहान मशीनला ओरडायला लावलं की ते घोगरं होतं. काही जणांना तेच आवडतं, तो भाग वेगळा. हा मोठा बघा. पैलवान आहे. हळू बोलतो, पण दमत नाही."

"आणि पैलवानाला कडेवर कोण घेणार?" नात म्हणाली.

"तेवढं आजोबा करतील की."

"आजोबांना त्यांची पिशवी उचलवत नाही."

मोठा लावला. दोन स्पीकर, आत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह, तापायला थोडा वेळ घेतात. मग तिने सहा तारांवरून एकदाच बोट फिरवलं. सहाच्या सहा सुट्या ऐकू आल्या, एकीचा हात दुसरीच्या हातात आणि तरी प्रत्येकीचा चेहरा वेगळा. मागे लोखंडी स्प्रिंगा असतात, त्यांनी आवाजाला किंचित लांबची सावली येते. मी स्टुलावर बसलो. धाकटा घरी असाच एकेक सूर लावून विचारायचा, "दादा, अक्षर सुटं ऐकू येतंय का?" सर त्याला शिकवायला नव्हते, त्यांचं वाक्य त्याने माझ्याकडून उचललं होतं.

मी मशीन मागून बघायला लागलो. वायर हातात धरून टोकापर्यंत गेलो. पिन तीन दांड्यांची, आणि सबंध ओतीव. स्क्रू नाही, झाकण नाही, कुणाला उघडता येणार नाही.

दुकानदार हसला. "लोक आवाज ऐकून घेतात, तुम्ही शेपूट बघून बैल घेताय."

मी म्हणालो, "पुनर्मुद्रण आहे ना? मग जुनी चूक दुरुस्त केलीय की नाही, ते बघतो."

त्याला वाटलं म्हातारा विनोद करतोय. मोठा घेतला. तुझ्या दोन वाक्यांतलं दुसरं मी पाळलं, एवढंच सांगायला हे पत्र. बाकीचं लिहायला बसलो होतो, पण आज जमत नाही.

तुझा बाकावरचा


ता. ६ मार्च

प्रिय फ्यूज,

या वेळी तब्येत विचारत नाही.

मंगळवारी नातीची तालीम होती, त्याच सभागृहात. खुर्च्या नव्या, पडदा नवा, मागच्या अंगणात आता फरशी आहे. मी पहिल्या रांगेत बसलो. तिने मशीन लावलं, माइकचं मशीन दुसऱ्या टोकाला लावलेलं होतं, आणि गुणगुण सुरू झाली. तीच, एक्केचाळीस वर्षांपूर्वीची. एक जाड, न थांबणारा सूर, डब्यात भुंगा कोंडल्यासारखा.

ती म्हणाली, "थांबा आजोबा, यावर उपाय आहे. ढोलकवाल्याने दिलाय." पिशवीतून तिने एक पांढरा छोटा अडाप्टर काढला. मागे तीन भोकं, पुढे दोन दांड्या. "तिसरी पिन यातून पुढे जोडलीच जात नाही. गुणगुण एकदम बंद."

मी तिच्या हातातून तो हिसकावून घेतला. कसा उठलो, पायऱ्या कशा चढलो, आठवत नाही. आयुष्यात तिच्यावर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. मग तिथेच, मशीनवर बसून, मी तिला सगळं सांगितलं.

ऐकून ती बराच वेळ वायर गुंडाळत होती. मग म्हणाली, "आणि त्या वायरमन आजोबांना हे माहीत आहे?"

"नाही."

"मग मला काय सांगताय?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. कार्यक्रम रविवारी आहे. लेकीने मला सांगितलं, "बाबा, या वेळी तुम्ही नका येऊ."

तर आता तुला सांगतो.

त्या सकाळी आपण दोघांनी अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला तर वीज जमिनीत उतरत नाही, म्हणून तू कार्यक्रमाच्या दिवशी हटकून ओतायचास. पहिली बादली तू ओतलीस, दुसरी मी. माझा पायजमा भिजला आणि तू म्हणालास, "कवीला पाऊस लागतो, आज मीच पाडला." मग तू जेवायला घरी गेलास.

धाकट्याने मशीन लावलं आणि गुणगुण सुरू झाली. त्याने अर्धा तास बटणं फिरवली. शेवटी गिटार खाली ठेवून म्हणाला, "दादा, असं वाजवण्यापेक्षा न वाजवलेलं बरं. अक्षर सुटं येत नाहीये." तुझी वाट बघायला हवी होती. तू आला असतास तर गिटारचं आणि माइकचं, दोन्ही मशीनं एकाच बोर्डावर लावली असतीस. परवा मी दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, एवढंच करायचं असतं, पाच मिनिटांचं काम. पण धाकट्याचा पडलेला चेहरा माझ्याने बघवेना, आणि मला वाटत होतं की वायरीतलं मला कळतं. कुणीतरी वाजवणारा मागे म्हणाला होता की हिरवी काढली की गुणगुण जाते. मी पिन उघडली, हिरवी सोडवली, टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली, झाकण लावलं.

गुणगुण गेली. त्याने सहा तारांवरून बोट फिरवलं. इतका स्वच्छ आवाज मी पुन्हा ऐकला तो गेल्या महिन्यात दुकानातच. तो हसून म्हणाला, "दादा, तू तर वायरमन झालास."

तू परत आलास तेव्हा मी तुला काही बोललो नाही. फुशारकी मारायला कार्यक्रम संपेपर्यंत थांबलो होतो.

तिसऱ्या गाण्याला त्याचे ओठ माइकच्या लोखंडी जाळीला लागले. मशीनच्या पोटातला एक जुना भाग फुटला होता, वीज पत्र्यावर आणि पत्र्यावरून गिटारीच्या तारांत आली होती, ती त्याच्या अंगातून माइककडे धावली. हिरवी जागेवर असती तर ती जमिनीत गेली असती. तुझा फ्यूज उडाला असता, अंधार झाला असता, लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या. एवढंच झालं असतं.

पुढचं कुणालाच माहीत नव्हतं, मंगळवारपर्यंत. त्याला उचलून दवाखान्यात नेलं. सगळे त्याच्या मागे धावले, तू सर्वांत पुढे, त्याचं डोकं तुझ्या हातावर होतं. मी दारातून परत फिरलो. रंगमंचावर बसून पिन उघडली. काळी पट्टी निघेना, म्हणून खिशातल्या पात्याने वायर पट्टीच्या वरच कापली, सोलली, ओढून जागेवर बसवली आणि स्क्रू पिळले. माझा भाऊ त्या वेळी जिवंत होता की नव्हता, मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो.

सभागृहाला चार दिवस कुलूप होतं. त्या उन्हात खड्डा भाजून निघाला. पाचव्या दिवशी वीज निरीक्षक साहेबांनी मोजमाप घेतलं. मशीनची पिन बरोबर निघाली, खड्डा कोरडा निघाला. तू सांगत राहिलास, "मी पाणी ओतलं होतं, याच्याबरोबर ओतलं." साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही ओतलं का?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. तू काही बोलशील असं वाटलं होतं. तू फक्त टोपी उचललीस आणि बाहेर गेलास. तुला वाटलं असेल, भाऊ गेल्याने याचं डोकं फिरलंय. म्हणूनच कदाचित तू कुठे ओरडला नाहीस.

माझं उत्तर खरं नव्हतं हे तुला तेव्हापासून माहीत आहे. माझ्या झोपेवर बसलेली गोष्ट दुसरीच आहे. पंखे गुंडाळत बसल्या बसल्या तू स्वतःलाच विचारलं असशील: दोन बादल्या कमी पडल्या का, मीठ-कोळसा घालायला उशीर झाला का, आपल्याच हातून ते पोर गेलं का. हा प्रश्न तुझ्या मनात मी ठेवला आणि एक्केचाळीस वर्षं परत मागायला आलो नाही. दुसऱ्यांच्या ओळींतल्या चुका शोधून मी पोट भरलं, आणि ही एक तशीच छापू दिली.

तुझं अर्थिंग चांगलं होतं. खड्डा ओला होता. हेच वीज निरीक्षकांच्या कचेरीला लिहून काल नेऊन दिलंय, त्याची नक्कल यात आहे. तिथला कारकून म्हणाला, "आजोबा, ती फाईल आता कुठे सापडणार?" मी म्हणालो, "नसेल सापडत तर नवी उघडा." त्याने शिक्का मारून दिला. त्या कागदाने तुझं काही परत येणार नाही, हे मला कळतं.

क्षमेचा शब्द लिहिला होता, खोडला. तो तुझ्याकडे मागायचा मला अधिकार उरलेला नाही.

सोबत कापडात गुंडाळून त्या जुन्या मशीनची पिन पाठवतोय, वायरीच्या वितभर तुकड्यासकट. मशीन चौकशीनंतर परत आलं तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नाही. साहेबांनी झाकण उघडून एवढंच बघितलं होतं की तिन्ही वायरी जागेवर आहेत. तू बघितली असतीस तर तुला एका नजरेत कळलं असतं, म्हणून तुझ्या हातात ती कधी पडू दिली नाही. स्क्रू सैल करून ठेवलाय, तुला पिळायला लागू नये.

उघड. हिरवी सगळ्यात आखूड आहे.

दुसरी बादली ज्याने ओतली, तो