खाऱ्या वाऱ्यानंतरची वाडी

पास्कल,

मी गासला मामांकडे बांबू आणायला जाते. वादळातल्या खाऱ्या वाऱ्यानं केळी करपल्या, म्हणून काल तू म्हणालास, "ताई, माती मेली. वाडी विकू."

आज सकाळी मी बुंध्याशी उकरून पाहिलं. आत ओल आहे, गांडुळं आहेत, आणि करपलेल्या पानांमधून नव्या पानाची हिरवी सुरळी वर आलीय. तोंडलीच्या मांडवाचे बांबू मात्र मातीत कुजलेत, ते बदलू. आपल्या विहिरीचं पाणी अजून गोडं आहे. ते केळींना भरपूर सोड, म्हणजे मीठ धुऊन जाईल.

दलाल आला तर त्याला चहा दे आणि सांग, वाडी दोघांची आहे, ताई सही करणार नाही.

बोंबलाचं कालवण चुलीजवळ झाकून ठेवलंय. कालचा राग गेला असेल तर जेव. नसेल गेला, तरी जेव.

हिल्डा