जाताना एक काठ, येताना दुसरा

मखमलाबाद, नाशिक
९ मार्च २०२५

चि. भाग्यश्री,

आण्णांचा आशीर्वाद. तू वेळेवर जेवतेस आणि पुरेशी झोपतेस असं धरून चालतो, कारण विचारलं तर तू खरं सांगणार नाहीस. इकडे सगळं ठीक आहे. समाधानदादा पहाटे टेम्पो घेऊन फूलबाजारात जातो, रोशनीवहिनीने गच्चीवर पापड-कुरडयांचा पसारा मांडलाय, आणि तुझ्या विलायतेतल्या पदवीच्या कार्यक्रमाला कुठली साडी नेसायची यावर तुझी आई रोज नवा निकाल देते.

तुला वाटेल, रोज तर फोन होतो, मग या माणसाला पत्राचं काय खूळ लागलं. फोन आपल्या घरात एकट्याचा नसतो, बाई. स्पीकर लावून तुझी आई तो मांडीवर घेऊन बसते आणि मला मधे एक वाक्य मिळत नाही. म्हणून लिहितो. उत्तरही लिहूनच पाठव. यातलं काही फोनवर काढू नकोस, एवढं माझं ऐक.

विषय होडीचा आहे. तू तीन होड्यांचे फोटो पाठवलेस आणि म्हणालीस, तुम्हीच निवडा. समाधानने ते मोठे छापून आणले, मी ते भिंतीला लावलेत. पहिली मोठी होडी, दहाबारा अनोळखी माणसं एकामागे एक, सगळ्यांची तोंडं पुढे, आणि मागे उभा राहून लांब काठीने होडी ढकलत कॉलेजांची माहिती सांगणारा माणूस. दुसरी लहान, फक्त घरच्यांची, तिच्यातही सांगणारा आहेच, पण माणसं समोरासमोर बसलेली. तिसरी संध्याकाळची, कंदील लावलेली. समाधान म्हणतो तिसरी घ्या, फोटो झकास येतील. त्याला फोटोपलीकडे काही सुचत नाही.

संध्याकाळची नको. ती आधीच खोडून टाक. ऊन चांगलं असेल अशी वेळ बघ.

आता बाकीच्या दोन. मला पुढच्या गोष्टी नीट चौकशी करून कळव. होडीत उतरताना पायरी असते का, आणि हाताला धरायला काय असतं? होडी डुलते का? नदी रुंद किती? म्हणजे मधे बसलं तर दोन्ही काठांवरची कॉलेजं एका नजरेत येतात, की मान वळवावी लागते? सांगणाऱ्याचा आवाज पुढच्या माणसापर्यंत खणखणीत पोचतो का? तो नुसतं 'इकडे बघा' म्हणतो, की काय दिसतंय, कसं दिसतंय, दगड कुठल्या रंगाचा आहे, हेही सांगतो? आणि होडी जिथून निघते तिथेच परत येते, की पलीकडे सोडून देते?

तू हसशील. पस्तीस वर्षं झेंडू विकलेल्या माणसाने होडीची इतकी चिकित्सा करावी, हे खरंच जरा अति आहे. पण एवढ्या लांब येऊन पैसे टाकून बसायचं, तर बघणाऱ्याला काहीतरी दिसलं पाहिजे. तेवढंच माझं म्हणणं आहे.

तुझे आण्णा


मखमलाबाद
६ एप्रिल २०२५

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिलीस, त्याबद्दल शाबास. पण फोनवर काढू नको म्हटलं होतं, तरी मंगळवारी तू 'आण्णांच्या होडीच्या चौकशा' म्हणून हसलीसच. आईने लगेच माझ्याकडे तोंड केलं. मी सांगितलं, मला पाण्याची भीती वाटते म्हणून विचारलं. आपल्या गोदागंगेच्या काठावर जन्म गेला माझा, आणि बायकोसमोर भित्रा ठरलो.

होडी त्याच वाटेने परत येते, हे तू लिहिलंस ते वाचून मला फार बरं वाटलं. दोनदा वाचलं. म्हणजे जाताना फक्त डाव्या हाताचा काठ बघायचा, उजव्याचा विचारच करायचा नाही. होडी वळली की पलीकडचा काठ आपोआप डाव्या हाताला येतो. मान इकडेतिकडे फिरवायची गरज नाही आणि काही सुटतही नाही. तुझी आई हल्ली झेंडू असाच तोडते. पूर्वी सरीत शिरली की दोन्ही हातांनी दोन्हीकडची फुलं काढत जायची, तुला आठवत असेल, तू तिच्यामागे पाटी घेऊन धावायचीस. आता जाताना एक बाजू, येताना दुसरी. वेळ लागतो, पण फूल मागे राहत नाही. वय झालं की माणूस अशा युक्त्या काढतो.

तेव्हा माझा कल मोठ्या होडीकडे आहे. तिच्यात सगळ्यांची तोंडं पुढे, म्हणजे आईला डाव्या कडेला बसवता येईल. फक्त तो माणूस इंग्रजीत भराभरा बोलणार. तू तिच्या मागे बस आणि कानात मराठीत सांगत राहा. पूल आला की पूल आला म्हण. देवळासारखं मोठं काही आलं की आधी सांग, म्हणजे ती तयार राहील.

तुझ्या नोकरीचं कळलं. तीन वर्षं तिथेच, त्याच प्रयोगशाळेत. समाधानने पेढे वाटले. मलाही अभिमान वाटला, तो मी फोनवर नीट बोलून दाखवला नाही, म्हणून इथे लिहितो. तू म्हणालीस की सुरुवातीला सुट्टी मिळणार नाही, या दिवाळीला जमणार नाही, पुढच्या दिवाळीला नक्की येईन. आई म्हणाली, 'ये की, घाई काय हाय.' मग फोन ठेवला. रोशनीने चहा पुढे केला तर तो शेजारी तसाच गार झाला.

मी काही तुला नोकरी सोड म्हणत नाही. पुढच्या दिवाळीचं मात्र जरा विचार करून ठरव.

तुझे आण्णा


मखमलाबाद
११ मे २०२५

भाग्यश्री,

आशीर्वाद. हवापाणी, फूलबाजार, समाधान, रोशनी, सगळं ठीक आहे. हे एका ओळीत उरकतो, कारण आज वेगळंच लिहायचं आहे.

रविवारी तू फोनवर विचारलंस, 'आई, तू फुलं एकाच बाजूने का तोडतेस गं?' ती म्हणाली, 'कंबर भरते, वाकवत नाही.' तुला पटलं नाही, ते तुझ्या आवाजावरून कळलं. फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघायला तिला आता अख्खी मान वळवावी लागते, मी शेजारी बसलेलो असलो तरी. तेव्हाच ठरवलं की तुला सांगायचं.

तुझ्या आईला काचबिंदू झालाय. दोन्ही डोळ्यांना.

मागच्या दसऱ्याची गोष्ट. झेंडूचा हंगाम भरात होता, तोडणीला आम्ही सगळेच होतो. दुपारी मी पाणी पाहायला वरच्या अंगाला गेलो, तर आईने तोडलेल्या सऱ्या मला बांधावरून दिसल्या. एक बाजू साफ हिरवी, आणि दुसरीकडे फुलं तशीच्या तशी. आधी मला रागच आला. म्हटलं, दसरा दोन दिवसांवर आणि ही अर्धा माल झाडावर ठेवते. हाक मारणार, तेवढ्यात रोशनी दिसली. ती खाली वाकून आईच्या मागून गुपचूप राहिलेली फुलं तोडत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, 'आण्णा, गणपतीपासून चाललंय. आईंना सांगू नका, त्यांना वाटतं सगळी तोडली.'

तुझ्या आईच्या हातून फूल सुटणं म्हणजे काय, हे तुला वेगळं सांगायला नको. मी तिथेच बांधावर बसलो.

इंदिरानगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे एका मशीनमध्ये डोकं घालायला लावतात. आत बारीक दिवे लागतात, दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. आई बाहेर आली आणि मला हळूच म्हणाली, 'त्यांचं मशीन बिघडलंय, दिवे लागतच नव्हते.' डॉक्टरांनी मला कागद दाखवला. सगळीकडे काळं, मधे रुपयाएवढं पांढरं. कडेचं जे गेलं ते परत येत नाही म्हणाले. समोरचं जेवढं आहे तेवढं सांभाळायचं. रोज थेंब घालतो, मीच घालतो, एक वेळ चुकवलेली नाही. तरी एप्रिलच्या तपासणीत ते पांढरं आणखी थोडं आकसलंय. तुमच्याकडून परत आलो की ऑपरेशन करायचं ठरलंय. त्याने आहे ते टिकेल अशी आशा डॉक्टर देतात. खात्री देत नाहीत. पुढच्या दिवाळीचं मी विचारलं, तर म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू.

आता तुला कळलं असेल मी पायरी आणि काठ आणि सांगणाऱ्याचा आवाज का विचारत होतो. संध्याकाळची होडी का नको, तेही. उजेड कमी झाला की तिला काहीच धड दिसत नाही. मला वाटलं, तू चार वर्षं जिथे राबलीस ते गाव तिने एकदा पुरतं बघावं. डोळे भरून बघावं. भिंतीवरच्या फोटोंपुढे उभं राहून मी रोज हिशेब करतो, ती कुठल्या जागेवर बसली तर तिला जास्तीत जास्त काय दिसेल. दुसरं माझ्या हातात काही नाही.

तिने मला शपथ घातली होती. पदवी हातात पडेपर्यंत पोरीला कळता कामा नये, नाहीतर ती सगळं टाकून पळत येईल. मी ती आज मोडतोय. मला फार भरून येतं गं हल्ली. रात्री आईचा भांड्याला धक्का लागला की ती 'मांजर आलं' म्हणते, आणि आम्ही सगळे मांजर आलं असंच धरतो. मला ते नाटक आता जमत नाही. तू नोकरी सोड असं मी म्हणत नाही. पण नोकरी पत्करताना तुला हे माहीत असलं पाहिजे, नंतर कुणी सांगून उपयोग नाही. म्हणून लिहिलं.

इथवर लिहिलं आणि ती येऊन पलंगावर बसली. म्हणाली, 'पोरीला लिहिता ना? वाचून दाखवा.' मी होडीचं वाचून दाखवायला लागलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'होडीचं लिहिताना कुणी रडतं का?' मग कागद हातातून घेतला. बोट ठेवून एकेक ओळ तिने सगळं वाचलं. मी थांबवलं नाही. वाचून झाल्यावर माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं, पण तिने रोशनीला हाक मारली आणि जाड स्केचपेन मागितला. खालचं तिचं आहे.

आण्णा


भागे,

तुझ्या बापानं सगळं लिवलं. शपथ मोडली तरी मी धडधाकट हाय, म्हणून घाबरू नको.

मला माहीत होतं रोशनी मागून फुलं तोडती. पाटीत पडल्याचा आवाज येतो की. पोरीचं मन राखायला मी बी गप बसले.

तू रडशील, रड. पण नोकरी सोडायची नाय. हे मी सांगते, तुझा बाप नाय. दिवाळीचं मात्र ह्याच वर्षी जमव. चार दिस जमव. पुढच्या वर्षीचं मला बोलू नको.

होडीचं आता मी ठरवते. तुझा बाप दोन महिने भिंतीपुढं उभा राहून माझ्यासाठी काठ मोजतोय. मला त्याची लय दया येते, म्हणून गप होते. पण मला काय बाई दोन्ही काठ बघायची हौस नाय. कॉलेजं दगडाची, ती कुठं जात नाय. त्याला बघू दे, आणि रात्री मला सांगू दे. त्याला सांगायला आवडतं.

मोठी होडी नको. तिच्यात तू माझ्या मागं बसणार, कानात बोलणार. मागचं मला दिसत नाय. ती दुसरी घे, लहान, जिच्यात माणसं समोरासमोर बसल्यात. फोटोत मी नीट बघून ठेवलंय. मला समोरचं अजून चांगलं दिसतं.

तू माझ्या समोर बस. त्या माणसाला काय सांगायचं ते सांगू दे. होडी वळली तरी जागा बदलायची नाय. जाताना बी तूच, येताना बी तूच.

आई