चिमट्याची आडवी पट्टी

६ जानेवारी १९७४, रवि.
मोटारसायकल शेवटी पडवीतून बाहेर काढली. दसऱ्याच्या आधीपासून ताडपत्रीखाली पडून होती. दादा खाटेवरून बघत राहिला. अपघातात मोडलेला पाय जुळलाय, पण माणूस उठत नाही. त्यात शांतावहिनी गेली, तेव्हापासून एकच वाक्य : "हँडल नाचलं गा वसंता." काटोल रोडच्या उतारावर. खरंच नाचलं, की हाच जोरात होता?
मामा तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "तूच मारलं माह्या पोरीले." वहिनी त्यांची लेक, म्हणजे आईची सख्खी भाची. भाऊबीजेला आई ताट घेऊन बसून होती. मामा आले नाहीत. आईचं माहेरही गेलं.

८ जाने.
ठरवलं. जुनी विलायती गाडी, पुढचं चाक धरणारा चिमटा बारीक. त्याच्या दोन्ही नळ्या आपापल्या तालात हलतात. मडगार्डच्या वरून दोन्हींना बांधणारी जाड आडवी पट्टी पाहिजे. विकत कुठली मिळायला, घरीच करू. आधी पट्टीशिवाय चालवायची, मग लावून. नाचणं थांबलं तर दोष गाडीचा. मग मामांना सांगता येईल.

११ जाने.
कबाड्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा आणला. पोलाद कडक, ड्रिल लागेना. चुलीत लाल केला आणि तसाच राखेत पुरून ठेवला, नरम व्हायला. आई : "माही चूल काय लोहाराची भट्टी हाय?" बऱ्याच दिवसांनी ओरडली. बरं वाटलं.

१४ जाने.
संक्रांत. आईनं काटोलला मामांसाठी तिळगूळ बांधला. मग सोडून परत डब्यात टाकला.

२० जाने., रवि.
पट्टी बसली. इतकी चपखल की मी शीळ घातली. मग हँडल धरून गाडी दाबली, तर चिमटा खाली जाईना. जाम.
गाढव मी. पुठ्ठ्याचा नमुना कापला तो गाडी होती तशीच ठेवून. अपघातात चिमटा वाकलेला, हे डोळ्यांसमोर होतं. रेल्वेच्या शेडमध्ये इतकी वर्षं इंजिनं खोलतो आणि घरी वाकड्यावर माप घेतलं! दादा बघत होता, त्याच्या डोळ्यांत जरा काहीतरी हललं होतं, म्हणून घाई झाली.

२७ जाने., रवि.
नळ्या काढून सरळ केल्या. पहिली पट्टी फेकली. दुसरी घासतोय. कानशीनं बोटं सोलली.
दादा खाटेवरून : "कडा गोल कर, धारेनं केबल कापते." चार महिन्यांत पहिलं वेगळं वाक्य. मी मान वर केली नाही, न जाणो गप्प होईल.

३ फेब्रुवारी, रवि.
सकाळी पट्टी न लावता गेलो, त्याच उतारावर. जरा वेग घेतला, एक खड्डा, आणि हँडल हातातून सुटायलाच लागलं. कसाबसा थांबलो. रस्त्याच्या कडेला बसून रडलो. भ्यालो म्हणून नाही. दादा खरं बोलत होता.
तिथंच पट्टी कसली. पुन्हा तोच उतार, तोच खड्डा. गाडी सरळ रेषेत. ओरडत घरी आलो.
"दादा, तुही चूक नव्हती! पट्टी लावली अन् नाचणं बंद!"
तो उठून बसला. अंगणात आला, काठी टेकत. पट्टीवर बोट फिरवलं.
"एवढ्याशानं?"
"हो ना गा!"
"शांता दर खेपेस म्हणे, हँडल दाखवून घ्या. मी म्हणो, चालते. दिवाळीनंतर पाहू."
मग आत गेला. भिंतीकडे तोंड.
मी काय करून बसलो!

५ फेब्रु.
दादा जेवला नाही. आईनं विचारलं, काहून गा, काय झालं? काय सांगू. त्याला सोडवायला निघालो होतो. आता त्याला रोज दिसणार, केवढीशी पट्टी कमी पडली ते. तोडून टाकावीशी वाटते. हात धजत नाही.

१० फेब्रु., रवि.
पट्टी काढायला पाना घेऊन बसलो. दादा दारातून म्हणाला, "राहू दे."

१६ फेब्रु.
आज दादानं दाढी केली. म्हणाला, उद्या काटोलला जाऊ. मामाले मीच सांगतो.
"काय सांगशील? हँडल नाचलं म्हणून?"
"तेही सांगतो. अन् तिनं सांगतलं होतं, तेही."
दुसरं कशाला सांगायचं, असं माझ्या ओठांवर आलं. गिळलं.
गाडी तू चालव म्हटलं, तर मानेनंच नाही म्हणाला. "तू चालव. मी मागं बसतो."
मागच्या सीटवर वहिनीनं स्वतःला बसायला शिवलेली गादी अजून आहे. संध्याकाळी अंगणात उभ्या गाडीवर तो तिथं बसून बघत होता. मी पुढं, हँडल धरून. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.
"इथून समोरचं काहीच दिसत नाही गा वसंता."
आईनं तिळगुळाचा डबा काढून ठेवलाय. मामा घरात घेतील का, माहीत नाही.