दाजी, सर्व्हर तुमच्यामुळे फुटला

उंब्रज,
सोमवार, दि. १० ऑगस्ट १९९८

ती. धनाजीदाजी यांस,
धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे मिलिंदचा, मनापासून जयभीम.

गेल्या आठवड्यात कोयनेला पुन्हा धक्का बसल्याचं कळलं. ताई फोनवर म्हणाली की मांडणीतली भांडी खाली आली, अक्षता रडत अंगणात पळाली, आणि तुम्ही कूस बदलून "कुठलं स्टँड आलं?" एवढंच विचारलंत. त्यावरून आपली प्रकृती ठणठणीत आहे असं समजतो. अक्षताचा पुढचा दात पडला का? पडला असल्यास तो घरावर टाकू नये. तुमच्या क्वार्टरला पत्रा आहे, आवाज झाला तर सगळी कॉलनी अंथरुणं घेऊन बाहेर येईल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मी खुशाल नाही आणि त्याचं कारण तुम्ही आहात. पण ते क्रमाने सांगतो, कारण तुम्हाला एकदम सांगितलं की तुम्ही शेवटचं तेवढं ऐकता आणि मधलं ताईला विचारत बसता.

तुम्ही पाहुण्यारावळ्यांत सांगत असता की आमचा मेव्हणा बी.एस्सी. होऊन नोकरीला लागला तरी अजून दर रविवारी सांगलीला कुलपं करायला शिकतोय. ते अगदीच चूक नाही. आमच्या दूध संघात नऊ कॉम्प्युटर एका वायरीने बांधलेत, त्यांचा मुकादम म्हणजे सर्व्हर, आणि त्या सर्व्हरच्या दाराची किल्ली म्हणजे माझा पासवर्ड. ती किल्ली परक्याच्या हाती लागू नये याचं हे शिक्षण, पदवीनंतरचं, नोकरी करणाऱ्यांसाठी. (पहाटेची एस.टी., संध्याकाळी परत, आणि मधे सहा तास बाकावर. वर्गात सगळे बापे-बायका, निम्म्यांच्या डब्यात सासूच्या हातची भाजी.) शिकवायला बिराप्पा चौगुले सर. मूळचे जतकडचे, बंगळूरला पंधरा वर्षं काढून आले. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कुलूप दाराला बसतंय बगा. माणसाला कुठलं बसवताय?" आम्ही ते वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेलो.

जूनच्या शेवटी सरांनी प्रात्यक्षिक दिलं. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाच्या वाट्याला वर्गातल्याच दुसऱ्या कुणाची तरी कचेरी द्यायची, आणि तिथल्या सर्व्हरचा पासवर्ड महिनाभरात काढायचा. यंत्राला हात लावायचा नाही, वायर तोडायची नाही. फक्त माणसांशी बोलून. काढलेला पासवर्ड बंद पाकिटात सरांना द्यायचा, अंदाज तीन लिहिले तरी चालतील. (सगळ्या साहेबांची लेखी परवानगी होती, उगाच पोलिसांत कुणाची ओळख आहे का ते आठवत बसू नका.) दुसऱ्याचा काढला तर वीस गुण, स्वतःचा राखला तर वीस. आणि माझी गोष्ट अशी की आमचे मोठे साहेब, नानासो, यांनी संचालकांच्या बैठकीत टेबलावर हात आपटून सांगितलं होतं की हा पोरगा पास झाला की कॉम्प्युटर विभाग याच्या ताब्यात. नापास झालो तर मी पुन्हा संकलन केंद्रावर, दुधाचं फॅट मोजत. तेव्हा हे चाळीस गुण म्हणजे माझी पुढची तीस वर्षं होती.

माझ्या वाट्याला वर्गातल्या शाहनवाजचं हॉटेल आलं, महाबळेश्वरचं. जुलैत गेलो. पाऊस असा की छत्री हे फक्त हातात धरायचं ओझं. हॉटेलात गिऱ्हाईक नाही, काउंटरवर कोंडीबा नावाचे एक गृहस्थ शेगडीवर पाय शेकत बसलेले. मी थापांचं एक लांबलचक भाषण पाठ करून गेलो होतो, ते काढायची वेळच आली नाही. त्यांनीच विचारलं, "पाव्हणं, गाव कंचं?" मी उंब्रज म्हणालो. आईचं माहेर विचारलं, मी मसूर म्हणालो. त्यांची बायको मसूरची निघाली. म्हणजे ती माझी गावनात्याने मावशी आणि हे काका. मग चहा, भाजलेलं कणीस, मावशीच्या गुडघ्याची हकिकत, आणि मी कॉम्प्युटरचं शिकतोय म्हटल्यावर त्यांनी आपण होऊन सांगितलं की मालकानं पासवर्ड चार वेळा बदलला, पण "लेकराला कशाला खोटं सांगू," असं म्हणून चालू असलेला सांगून टाकला. दाजी, मला खरंच वाईट वाटलं. वीस गुणही मिळाले.

पण त्या दिवसापासून माझी झोप उडाली. माणसं अशी असतील तर आपला संघ किती दिवस टिकणार? आल्या आल्या सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावले. देवाचं नाव नको, पोरांचं नको, जन्मसाल नको, असा फतवा काढून दारावर चिकटवला. दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या धोंडुबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सायेब, समद्यांनी चिठ्ठ्या कॉम्प्युटरच्या पडद्याखाली चिकटिवल्यात. मी पुसताना खाली पडत्यात, कुणाची कंची ती मला पाठ हाय म्हनून बरं." म्हणजे संघातला सगळ्यात मोठा हॅकर (कुलूपफोड्या म्हणा) सकाळी सात वाजता खराटा घेऊन येत होता. मग मी कुणावरच विश्वास ठेवेना. टेलिफोनचा मिस्त्री आला, त्याला मिस्त्रीच्या कपड्यातला चोर समजून अर्धा तास गाव, आजोळ, सासुरवाडी विचारली आणि हाकलून दिला. तो खराच मिस्त्री होता. आठ दिवस फोन मेलेला होता आणि नानासो माझ्याकडे बघत नव्हते. तरी मी आतून खूश होतो. माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

काल निकाल लागला. सरांनी एकेक पाकीट वाचलं आणि म्हणाले, "उंब्रजचा सर्व्हर दुसऱ्या अंदाजाला उघडला बगा." शनिवारी मी रजेवर असताना ते स्वतः येऊन नानासोंच्या समोर खात्री करून गेले होते. फोडणारी कोण, तर नीलिमा बनसोडे. साताऱ्याची, एका पंपाच्या कारखान्यात कॉम्प्युटर बघते, माझ्या पुढच्या बाकावर बसते. सरांनी कसं फोडलं विचारलं. तिने पिशवीतून कागद काढले. चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली, निळी शाई. अक्षर मी लांबूनच ओळखलं.

आठवतंय का, दाजी? जुलैच्या सुरुवातीला तुम्हाला साताऱ्याहून एक पत्र आलं होतं की आमच्या भाचीसाठी स्थळ बघतोय, दूध संघातला आपला मेव्हणा चांगला आहे असं ऐकतो, तरी सविस्तर माहिती पाठवावी. ते लिहिणारी मावशीही नीलिमाच आणि त्यातली भाचीही तीच. आणि तुम्ही, ज्यांनी आजवर मला एक पोस्टकार्ड दोन ओळींच्या पुढे लिहिलं नाही, त्यांनी चार पानं लिहिली. जन्मतारीख वेळेसकट. उंची पाच फूट आठ (दोन इंच तुमच्या पदरचे). निर्व्यसनी, तंबाखूसुद्धा नाही. लाडाने बाब्या म्हणतात. आणि स्वभाव मायाळू असल्याचा पुरावा म्हणून लहानपणी पाळलेली पाकळी नावाची शेळी, ती विकली तेव्हा तीन दिवस जेवलो नाही, ही हकिकत. दाजी, माझा पासवर्ड पाकळी आणि पुढे एकाहत्तर साल असा होता. होय, मीच दारावर फतवा लावला होता. शेळीबद्दल त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

वर्ग पोट धरून हसला. शाहनवाज तर मला बाब्या म्हणूनच हाक मारतोय. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, गळती कुठून झाली त्याचा खरा अहवाल लिहा आणि ज्याच्याकडून झाली त्याचा सहीचा जबाब जोडा, म्हणजे गेलेल्या विसातले दहा परत देतो. हिशेब केला तर तेवढ्यावर मी पास होतो. तेव्हा सोबतच्या कागदावर "मी ही माहिती कोणतीही खात्री न करता आनंदाने दिली" असं लिहून सही करावी आणि शुक्रवारपर्यंत मिळेल असं पाठवावं. आनंदाने हा शब्द सरांनी सांगितलेला नाही, पण खरा आहे. आणि यापुढे माझ्याबद्दल कुणी काहीही विचारलं तर मला ओळखत नाही असं सांगावं. ताईला नमस्कार, अक्षताला खाऊ पाठवतो.

आपला,
मिलिंद (बाब्या)

ता. क. अहवालासाठी खरं लिहायला हवं म्हणून तुम्हालाही सांगतो. तुमचा पत्ता तिला मीच दिला होता. जूनमध्ये तिला कोयनेचं धरण बघायचं होतं, मी म्हणालो माझे दाजी वीजगृहात आहेत, पास काढून देतील. तिने पत्ता मागितला नव्हता. मीच वहीचं पान फाडून दिला.

ता. क. २. काल वर्ग सुटल्यावर सांगली स्टँडवर ती भडंग खात उभी होती. म्हणाली, गुणांसाठी केलं, पण शेळीची हकिकत वाचल्यावर पाकीट सरांना द्यायला चार दिवस मन होईना. मग तिने तुमचे कागद परत दिले. मोजले तर तीनच पानं. चौथं कुठंय विचारलं तर म्हणाली, ते माझ्याकडे राहू दे. चौथ्या पानावर मुलीबद्दलच्या अपेक्षा आहेत, त्या तिने मला तोंडपाठ म्हणून दाखवल्या. तुम्ही लिहिलंय, "मुलगी मुलापेक्षा हुशार असावी, म्हणजे फार लांब शोधावं लागनार न्हाई." दाजी, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. ती मला फार आवडली आहे. रविवारी साताऱ्याला तिच्या वडिलांकडे जाऊन या. जबाबाचं मागाहून बघू.

ता. क. ३. पाकीट डकवत होतो तेवढ्यात ताईचा संघात फोन आला. रविवारी सकाळी अकरा वाजता बनसोडेंकडे जायचं तिने पंधरा दिवसांपूर्वीच ठरवलंय. नीलिमाने तुमची चार पानं मिळाल्यावर ताईला सगळं खरं कळवलं होतं आणि तेव्हापासून दोघींची पत्रं चालू आहेत. साडी घेऊन झाली आहे. नानासोही येणार आहेत, त्यांना शनिवारीच कळलं होतं. या सगळ्या प्रकरणात ज्यांना काहीच माहीत नव्हतं असे आपण दोघेच होतो.